तीन हजार अक्षरांत स्काफ्तीमामा

तीन हजार अक्षरांत एक माणूस मावतो, असं आमच्या पेपरवाल्यांचं मत आहे. तेही मधल्या मोकळ्या जागा धरून. एक अक्षर जास्त झालं की त्यांच्या वेबसाइटवरची चौकट लाल होते आणि लेख आत जात नाही.

आमच्या आइसलंडमध्ये माणूस गेला की दफनाच्या दिवशी सकाळी पेपरात त्याच्यावर लेख येतात. लिहिणारे घरचे-ओळखीचेच असतात. बायको, भावंडं, भाचे, शेजारी, एखाद्या वेळी जिच्याशी लग्न ठरून मोडलं होतं तीसुद्धा. लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव आणि नातं. आधी जवळचे, मग लांबचे, असा क्रम पेपरवाले लावतात. लोक चर्चमध्ये जाण्यापूर्वी हे सगळं वाचून, कोणी काय लिहिलं आणि कोणी लिहिलंच नाही याचा हिशेब मनात ठेवून येतात.

स्काफ्तीमामा गेला तेव्हा कुटुंबाचे लेख जमवून पाठवण्याचं काम माझ्याकडे आलं. मावसबहीण लाउगा हिने ते दिलं. ती कुणाला काम देते तेव्हा विचारत नाही, कळवते.

"तूच कर, ग्रिमुर. आपल्यात छापून येणारा माणूस तू एकटा."

मी बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीचं वेळापत्रक तयार करतो. ते दर डिसेंबरमध्ये छापून येतं, हे खरं आहे. त्यात मजकूर म्हणून एकच वाक्य असतं, आणि ते 'वेळा स्थानिक आहेत' हे आहे.

"त्यात काम असं काय आहे?" लाउगा म्हणाली. "लोक पाठवतील, तू पुढे पाठवायचं. शुक्रवारी दफन. बुधवारी दुपारी बारापर्यंत मुदत. झालं."

एका घरात अकरा भावंडं असली की भाचे-पुतणे किती होतात, याचा तिने विचार केला नव्हता. मी केला. अडतीस.

स्काफ्ती त्या अकरांत शेवटचा. आयुष्यभर त्याने आमच्या खोऱ्यात डेअरीचा दुधाचा टँकर चालवला. प्रत्येक गोठ्यात थांबून तो शेजारच्या गोठ्यातल्या गाईंचं कौतुक करायचा. त्या वर्षांत खोऱ्यातलं दूध वाढलं, आणि डेअरीने त्याचं श्रेय नव्या खाद्याला दिलं. लग्न, बारसं, डोंगरावरून मेंढ्या उतरवायचा दिवस, कुठेही तो अकॉर्डियन घेऊन हजर असे. आमंत्रण होतं की नाही हे कोणी तपासत नसे. आम्हा मुलांना तो टँकरमध्ये बसवून न्यायचा आणि पोलीस दिसला की म्हणायचा, "खाली वाका, तुम्ही दूध आहात."

अशा माणसावर तीन हजार अक्षरं लिहायला कुणाला अडचण येऊ नये. मला आली. चार संध्याकाळी खर्चून मी लेख पूर्ण केला, तो दोन हजार नऊशे अठ्ठ्याण्णव अक्षरांचा भरला, याचा मला आनंद झाला. लाउगाला वाचून दाखवला. पहिलं वाक्य असं होतं: 'स्काफ्तीमामाचा जन्म पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, ओहोटीला नुकती सुरुवात झालेली असताना झाला.' वेळ चर्चच्या नोंदीत होती. ओहोटी मी स्वतः मोजून काढली होती.

"हा लेख आहे की जहाजांना सूचना?" लाउगा म्हणाली.

मी सल्ला घ्यायचं ठरवलं. आमच्या गावात सल्ला पोहण्याच्या तलावाशेजारच्या गरम पाण्याच्या कुंडात मिळतो. तिथे सकाळी सातला सहा-सात मंडळी गळ्यापर्यंत बुडून बसलेली असतात, आणि फक्त डोकी दिसत असल्यामुळे प्रत्येकाचं मत सारख्याच वजनाचं वाटतं. माझे शेजारी ह्यालमार हे तिथले ज्येष्ठ. निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी आजवर एकसष्ट जणांवर लेख लिहिले आहेत.

"सोपं असतं रे," ते म्हणाले. "पहिल्या ओळीत हवामान, शेवटच्या ओळीत देव. मध्ये माणूस."

"पण माणसाबद्दल काय लिहायचं?"

"तो कधी नाही म्हणाला नाही, असं लिही. बासष्टावा तुझ्या मामावरच लिहितोय. तुझ्या आईच्या सत्तरीचा किस्सा घेतलाय मी. तू घेऊ नकोस."

कुंडाचं पाणी चाळीस अंश होतं, तरी मला थंडी वाजली.

तो किस्सा सांगायला हवा. आमच्याकडे पन्नाशी, साठी, सत्तरीला लोक न बोलावता येतात. कॉफी आणि केक मिळणार हे गृहीत असतं. ज्याला हे नको असेल तो पेपरात चार ओळींची जाहिरात देतो: 'वाढदिवसाला घरी नसेन.' एवढं छापलं की दिवे लावून घरात बसलात तरी कोणी दार वाजवत नाही. तेरा वर्षांपूर्वी आई सत्तर वर्षांची झाली. बाबा जाऊन चार महिने झाले होते. तिने जाहिरात लिहिली आणि टाकायला स्काफ्तीमामाकडे दिली. पेपरात छापून आलं ते असं: 'आल्दिस तीन ते सात घरी आहे. सर्वांचं स्वागत.'

तीन वाजता आई घरच्या झग्यात होती आणि घरात बिस्किटांचे दोन पुडे होते. पहिली मोटार तीनला पाच मिनिटं कमी असताना आली. स्काफ्तीमामा मागच्या दाराने पिठाची गोणी आणि साठ अंडी घेऊन शिरला आणि स्वयंपाकघरात पॅनकेक करायला उभा राहिला.

त्या दिवसानंतर आई त्याच्याशी बोलली नाही. वैर वगैरे नव्हतं. एका टेबलावर जेवायची. फक्त सगळं दुसऱ्यामार्फत. "ग्रिमुर, त्या तिथे बसलेल्या माणसाला सांग, कॉफी थंड होतेय." नाताळचं कार्ड दरवर्षी न चुकता जायचं, वर नाव मात्र एकट्या ब्योर्गमामीचं. मामा ते उघडून मोठ्याने वाचायचा आणि मामीला म्हणायचा, "छान लिहिते गं तुझी नणंद."

आता अकरांपैकी आई एकटीच उरली होती. आणि तिने मला आधीच सांगून टाकलं होतं, "मी लिहिणार नाही."

सोमवारपासून लेख येऊ लागले. मंगळवार संध्याकाळपर्यंत चौतीस आले. त्यांतल्या सव्वीस जणांनी सत्तरीचाच किस्सा लिहिला होता. मी ते एकापुढे एक ठेवून वाचले. पाहुणे साठपासून चारशेपर्यंत होते. एकाच्या लेखात ब्रास बँड होता. एकाच्या लेखात जुलै होता. आईचा वाढदिवस मार्चमध्ये असतो. आणि त्या सव्वीसही लेखांत माझी आई झग्यात उभी होती, कधी गुलाबी, कधी फुलांच्या, एकदा तर फाटक्या. शुक्रवारी सकाळी साऱ्या देशासमोर ती सव्वीस वेळा तशीच उभी राहणार होती.

झग्याला मला हात लावता येईना, म्हणून मी निदान आकडा दुरुस्त करायला घेतला. त्या दिवशीची पाहुण्यांच्या सह्यांची वही माझ्याकडे होती. एकशे त्रेचाळीस सह्या. घर ब्याण्णव चौरस मीटरचं. चारशे माणसं आत मावायची तर शंभरेक जणांना कपाटावर बसावं लागलं असतं. मी सगळ्यांना नम्र पत्र पाठवलं की आपण सर्वांनी एकशे त्रेचाळीस लिहावं.

लाउगाचा फोन लगेच आला. "माझ्या आठवणीत चारशे होते."

"वहीत एकशे त्रेचाळीस आहेत."

"मग तू वहीवर लेख लिही. मी मामावर लिहिते."

मी वही मिटून खणात ठेवली.

त्याच संध्याकाळी मी आईकडे गेलो. तिने चष्मा काढून विचारलं, "काय लिहितायत सगळे?"

मी म्हणालो, "चांगलं लिहितायत."

"वाच."

मी वाचले. सव्वीसही. बँड आला तेव्हा ती चष्मा पुसत राहिली. फाटका झगा आला तेव्हाही. शेवटी म्हणाली, "सगळे चुकीचं लिहितायत."

"मी त्यांना आकडा कळवलाय, आई."

"आकड्याचं कोण बोलतंय?" तिने टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा उचलला. "तू घरी जा आता."

बुधवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी ती स्वतः बंदराच्या कचेरीत आली. त्र्याऐंशी वर्षांची बाई, बर्फावरून चालत. तिने नऊ पानं माझ्यासमोर ठेवली, दोन्ही बाजूंनी लिहिलेली.

"हे छाप. आणि ऐक. यातला एक शब्द कापलास तर शुक्रवारी मी चर्चमध्ये येणार नाही."

"आई, त्यांचा नियम आहे की..."

"मी कुठे म्हणतेय छापच? न छापता येत असेल तर परत दे. पण अर्धं नको. त्याच्याशी मी तेरा वर्षं अर्धं बोलत होते."

ती कॉफीच्या यंत्राजवळच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेऊन. मी टंकायला लागलो. टंकताना मी अर्थाकडे बघितलं नाही, हे मला इथे नमूद करायला हवं. आईचं अक्षर लागत नव्हतं, घड्याळ समोर होतं, आणि मी एकेक शब्द खडकावरून पाय टाकावा तसा उचलत होतो. पावणेबारा वाजता पूर्ण झालं. पाच हजार सहाशे ऐंशी.

पेपरच्या कचेरीत फोन लावला. एका मुलीने उचलला.

"एका व्यक्तीचा एक लेख, तीन हजार अक्षरं," ती म्हणाली.

"पण ती सख्खी बहीण आहे. शेवटची उरलेली."

"मला वाईट वाटतं. पण वेबसाइटला वाटत नाही. दुसऱ्या नातेवाइकाच्या नावाने वेगळा लेख देऊ शकता."

मी फोन ठेवला. बाराला नऊ मिनिटं कमी होती. माझा स्वतःचा लेख चौकटीत भरून तयार होता, ओहोटीसकट. मी तो पुसला. चार संध्याकाळी एका बोटाने गेल्या, आणि खरं सांगायचं तर हलकं वाटलं.

मग आईचा लेख दोन भागांत केला. पहिला तिच्या नावाने, दुसरा माझ्या. तोडायचं कुठे हे मी मोजून ठरवलं. दोन हजार नऊशे एक्याण्णवाव्या अक्षराला एक वाक्य पूर्ण होत होतं. पूर्णविरामासकट. इतकी नेमकी जागा सापडल्याचं मला समाधान वाटलं. दुसऱ्या भागावर मी 'आल्दिसच्या लेखाचा उर्वरित भाग' असं शीर्षक घातलं. बाराला एक मिनिट असताना दोन्ही चौकटी हिरव्या झाल्या.

"सगळं गेलं?" आईने विचारलं.

"एकूण एक अक्षर."

तिने मान हलवली आणि बर्फावरून परत गेली.

शुक्रवारी सकाळी आठ वाजता ह्यालमार यांचा फोन आला.

"ग्रिमुर, तुझं सांत्वन करायचं होतं. तू विधवा झालास हे मला कुणी सांगितलं नाही."

मी पेपर उघडला. या लेखांना शीर्षकं नसतात, हा त्यांचा आणखी एक नियम. माझं शीर्षक त्यांनी उडवलं होतं. आणि क्रम नात्याचा. बहिणीचा लेख पान तीसवर. भाचे पुढे, नावांच्या अकारविल्हेने, पान चौतीसपर्यंत. मध्ये एकोणीस लेख. पान चौतीसवरचा लेख 'कारण तू पाहिलंस' अशा शब्दांनी सुरू होत होता, त्यात चार महिन्यांपूर्वी आपला नवरा वारल्याचं लिहिलं होतं, आणि खाली होतं: ग्रिमुर, भाचा.

हे मी सोसलं असतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस थोडंफार सोसू शकतो. पण मग मी पान तीस वाचलं, पहिल्यांदाच अर्थ लावून. आईने लहानपण लिहिलं होतं. माळ्यावर एका पलंगात दोघं दोघं झोपायची, चार वर्षांच्या स्काफ्तीचे पाय तिच्या तोंडाशी, आणि तो अंधारात पायांच्या बोटांनी तिचं नाक धरायचा. फार सुरेख लिहिलं होतं. आणि माझ्या त्या नेमक्या जागेवर लेख संपत होता: 'तेरा वर्षं मी तुझ्याशी बोलले नाही, आणि याचं कारण तूच होतास.' पूर्णविराम. आल्दिस, बहीण.

फोन वाजला. लाउगा.

"मेल्यावरसुद्धा सोडलं नाही तुझ्या आईने त्याला! ब्योर्गमामीने काय वाचायचं आज सकाळी उठून?"

"लाउगा, पान चौतीस बघ."

"भाच्यांचे लेख बघायला वेळ नाही मला, दीडशे लोकांचे केक न्यायचेत," असं म्हणून तिने फोन आपटला.

आईने पेपर वाचला नव्हता. "मी लिहिलंय, मला माहीत आहे," ती म्हणाली. चर्चमध्ये ती दुसऱ्या रांगेत बसली. तिच्या एका बाजूला मी. दुसऱ्या बाजूला तीन माणसांची जागा रिकामी राहिली, आणि मागे लोक भिंतीला टेकून उभे होते. आईने दोनदा मागे वळून पाहिलं.

"इथे या की," ती एका भाचीला म्हणाली. भाची स्तोत्राच्या पुस्तकात बघत राहिली.

"काय झालंय यांना?" आईने मला विचारलं. मी हवामानाबद्दल काहीतरी बोललो. ती मला ओळखून आहे. तिने पुन्हा विचारलं नाही, पण हातमोजे काढले, घातले, पुन्हा काढले.

दफनानंतर सभागृहात कॉफी होती. कोळंबी घातलेले थरांचे सँडविच-केक, स्मोक्ड मटण लावलेल्या भाकऱ्या, साय भरलेले पॅनकेक. आई एका टोकाच्या टेबलावर बसली, आणि तिच्या टेबलावरच्या खुर्च्या एकेक करून दुसऱ्या टेबलांकडे गेल्या. समोरच्या टेबलावर ब्योर्गमामी होती, काळ्या कपड्यांत, कुणाकडेच न बघता कप फिरवत.

मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. चमचा कपावर वाजवला तो इतका हळू, की शेजारच्याला वाटलं मी साखर ढवळतोय. मग जोरात वाजवला.

"एक सूचना आहे," मी म्हणालो. माझा आवाज कचेरीतलाच निघाला. "पान चौतीस. तो लेख माझा नाही. म्हणजे नाव माझं आहे. तो आईच्या लेखाचा उरलेला भाग आहे. अक्षरं जास्त झाली होती. तोडलं मी. चुकीच्या जागी तोडलं. मी विधवा नाही."

कोटांच्या खिशांतून पेपर बाहेर आले. लाउगाने तिचा पेपर उघडला आणि मला खोटं पाडायच्या तयारीने, मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'कारण तू पाहिलंस. माझा नवरा जाऊन चार महिने झाले होते. मी ठरवलं होतं की पडदे ओढून बसायचं आणि त्या दिवशी कुणाला तोंड दाखवायचं नाही. तू ते होऊ दिलं नाहीस. घर माणसांनी भरलं. आणि सुमारे साडेचार वाजता, स्वयंपाकघरात, मी हसले.'"

लाउगाचा आवाज उतरला. आता ती सगळ्यांसाठी वाचत नव्हती, पण सगळे ऐकत होते.

"'पोट धरून हसले. चार महिन्यांची विधवा. इतर कुणी पाहिलं नाही, फक्त तू पाहिलंस. मला त्याची इतकी लाज वाटली की तुझ्याकडे बघवेना. लोकांना वाटलं जाहिरातीमुळे रागावले. मी त्यांना तसं वाटू दिलं, ते सोपं होतं. तू कुणालाही सांगितलं नाहीस. तुला जगातली प्रत्येक गोष्ट चारचौघांत सांगायची सवय, आणि ही एवढी मात्र तू तेरा वर्षं सांभाळलीस. मी तुला एकदाही...'"

इथे ती थांबली. "पुढे आहे अजून," ती म्हणाली, आणि पेपर घडी करून आईसमोर ठेवला. मग तिने एक खुर्ची ओढली आणि आईच्या टेबलाशी बसली. लाउगा माफी मागत नाही. खुर्ची ओढते.

आईने पान चौतीस पाहिलं, खालचं माझं नाव पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "अर्धं करू नकोस म्हटलं होतं ना तुला?"

"अर्धं नाही केलं, आई. दोन केले."

ब्योर्गमामी उठून आली. ती आईच्या समोर बसली.

"आल्दिस," ती म्हणाली, "हसलीस कशाला ते लिहिलं नाहीस."

"कागद संपले."

"मग सांग."

आईने आधी पर्सचा बंद नीट केला. "पॅनकेक उलटवत होता तो. हवेत उडवून, माहितीये ना, शहाणपणा. एक उडाला तो थेट फ्रिजवरच्या यांच्या फोटोवर जाऊन चिकटला. तोंडावरच." ती बाबांबद्दल बोलत होती. "तर हा तवा हातात घेऊन फोटोसमोर गेला, वाकला, आणि म्हणतो, 'माफ करा हं भावोजी. साखर लावू, की जॅम?'"

त्या फोटोच्या काचेवर एक पिवळट, तेलकट डाग आहे. गेली तेरा वर्षं मी त्याला भिंतीची ओल समजत होतो. त्यासाठी दोनदा माणूस बोलावून भिंत तपासली होती. आई काच पुसू देत नाही याबद्दल तिला चारदा सुनावलंही होतं.

आधी लाउगाच्या नाकातून आवाज आला. मग ब्योर्गमामीच्या खांद्यांत काहीतरी झालं. तिने रुमाल तोंडाशी नेला, पण उशीर झाला होता; नऊ दिवसांची विधवा, काळ्या कपड्यांत, दीडशे लोकांसमोर, टेबलावर हात आपटून हसायला लागली. आणि मध्येच घाबरून थांबली, तोंडावर रुमाल तसाच धरून.

आईने चटकन मान फिरवली आणि खिडकीबाहेर बंदराकडे बघत राहिली.

"हस तू," ती म्हणाली. "माझं लक्ष नाहीये."